थर्डवरचा हात

ताशी चाळीसच्या वेगात, आसरा चौक यायच्या जरा अलीकडे, जोतिरामचा डावा हात त्याला न विचारता उठला, दोन सीटांच्या मधल्या दांडक्यावर जाऊन बसला आणि त्याने ते दांडकं पुढे ढकललं. गाडी ऑटोमॅटिक. तिच्यात पुढे ढकलण्यासारखं काही नव्हतं. ती बापडी डीमधून एनमध्ये गेली, इंजिन दावं तुटलेल्या खोंडासारखं ओरडलं, काटा तांबड्या रेघेकडे धावला आणि मागच्या सीटवरची शोरूमची मुलगी रेश्मा म्हणाली, "सर, गिअर नका टाकू! गिअर नाहीयेत!" वाक्य अगदी बरोबर होतं. जोतिरामने पाय उचलला. शेजारी बसलेल्या अभिमन्यूने, म्हणजे त्याच्या मुलाने, दांडकं पुन्हा डीवर ओढलं आणि एवढ्या थोरल्या गाडीला एक छोटासा हिसका बसला. बस्स, एवढंच. कुणाला लागलं नाही, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही, आणि सोलापुरात मागच्याने हॉर्न दिला नाही म्हणजे काही घडलंच नाही असं धरून चालायचं असतं. पण जोतिरामचा हात दांडक्याच्या मुठीवरून उचलून मांडीवर आला तो काही नीट बसेना. दांडकं पुढे ढकलल्यावर तो हात जुन्या सवयीने वाट बघत होता. कुणीतरी येऊन आता ते धरील म्हणून.

"आप्पा, काय झालं?" अभिमन्यूने विचारलं.

"काही नाही. गाडी चांगली आहे," जोतिराम म्हणाला, आणि पुढचा सगळा रस्ता त्याने डावा हात स्टेअरिंगला बांधल्यासारखा ठेवला.

अभिमन्यू आणि सून अंकिता गेले तीन महिने गाडी घेत होते. म्हणजे घेतली नव्हती, घेत होते. घरात ताटात आमटीच्या आधी टॉर्क वाढला जाई. टर्बो पेट्रोल की साधं, डिझेलचं धुराडं गावातल्या गावात चालवून तुंबतं का, दोन क्लचवाली गिअरची पेटी सात रस्त्याच्या गर्दीत तापते का, या प्रश्नांनी जुळे सोलापुरातलं ते तीन खोल्यांचं घर एखाद्या गॅरेजसारखं झालं होतं, फक्त तेलाचा वास नव्हता. चाळता चाळता दोनच गाड्या उरल्या होत्या. इंजिन एकच, साधं, बिनटर्बोचं, ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. भांडण होतं ते पेटीचं. करडी हातगिअरची, पांढरी ऑटोमॅटिक.

"हातगिअरच्यात बिघडायला आहे काय?" अभिमन्यू म्हणे. "क्लच गेला, बदलला. आपल्या कोपऱ्यावरचा मेस्त्री बदलतोय. ऑटोमॅटिकची पेटी बसली तर पुण्याहून माणूस येणार."

"आणि तोपर्यंत सात रस्त्याला रोज दोनशे वेळा क्लच कोण दाबणार? तो पुण्याचा माणूस?" अंकिता विजापूर रोडवरच्या शाळेत शिकवायची, पोरांना सोडून जायची, गाडी खरी तीच चालवणार होती. "अहो, ही जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक आहे. तेलात फिरतंय सगळं. वेळेवर तेल बदललं की दहा-पंधरा वर्षं हात लावायला नको. आप्पा, तुम्हीच सांगा की यांना."

मग दोघंही जोतिरामकडे बघत. जोतिराम चौतीस वर्षं सूतगिरणीत मेंटेनन्सला होता, त्यातली एकोणीस वर्षं फोरमन. यंत्रांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. ज्याचा दोष कळलाय ते यंत्र एक पाळीसुद्धा चालवायचं नाही, हा त्याचा नियम. एका घासलेल्या बेअरिंगसाठी त्याने एकदा अख्खी लाइन बंद पाडली होती, मॅनेजर हातापाया पडत असताना. त्याने दोघांपुढे आठ दिवसांपूर्वी एक भाषण केलं होतं: माणसाचा हात लागतो ते यंत्र बिघडायच्या आधी हाताला सांगतं, ज्याला हात लागत नाही ते एकदम बसतं. तेव्हा दोन माणसांच्या मध्ये एक खरा दांडा असावा, हे बरं. हे तांत्रिक मत आहे असं समजून अभिमन्यूने ते आपल्या मोबाइलमधल्या तक्त्यात 'विश्वासार्हता' या रकान्याखाली लिहूनही घेतलं होतं.

अंकिता शोरूममध्येच थांबली होती. तिथे परत आल्यावर रेश्माने सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, पांढरी एकच उरली आहे, संध्याकाळपर्यंत धरून ठेवते, मग नाइलाज. शिवाय घरची जुनी जीप एक्स्चेंजमध्ये द्यायची ना? मग सोमवारी माणूस बघायला येईल. "जुन्या गाडीत काही प्रॉब्लेम, सर? आधीच सांगितलेलं बरं पडतं."

जोतिराम चहाकडे बघत राहिला. "थर्ड निसटतो," तो म्हणाला. आणि आपण हे किती वर्षांनी मोठ्याने म्हणालो, याचं त्यालाच नवल वाटलं.

जीप त्याने दुधनीच्या एका तुरीच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. व्यापाऱ्याने तिच्यात माणसांपेक्षा पोतीच जास्त बसवलेली, आणि पोती काही 'सावकाश घ्या' म्हणत नाहीत. तेव्हा दोष कंपनीचा नव्हे, तुरीचा. दुधनी म्हणजे विजयमालेचं माहेर. विजयमाला त्याची बायको. घरात कन्नड, शाळेत मराठी अशी वाढलेली. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या माहेराहून परत येताना, वळसंगच्या पुढे, उताराला त्याने पाय ढिला सोडला आणि दांडा खट्कन तिसऱ्यातून बाहेर येऊन उभा राहिला. "काय झालं ओ?" "थर्ड निसटला." "मग धरा की." "दांडा धरू का स्टेअरिंग धरू?" "तुमी स्टेअरिंग धरा, ह्ये मी धरते," असं म्हणून तिने मांडीवरचा शेंगाचटणीचा डबा पायाशी ठेवला आणि उजवा हात मुठीवर ठेवून दांडा दाबून धरला. इतकं साधं. त्या हातात सहा हिरव्या बांगड्या. इंजिनच्या थरथरीने त्या किणकिणायच्या. चाळीसला एक नाद, पन्नासला दुसरा. वेगाचा काटा व्यापाऱ्याच्या काळापासून मेलेला होता. जोतिराम बांगड्यांवरून वेग ओळखायला शिकला. चौथा टाकायची वेळ आली की तो आपल्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्या हाताच्या पाठीवर हलकेच वाजवी. म्हणजे, सोड. ती हात उचले, तो चौथा टाकी. पुढे बैलगाडी आली, गाव आलं, की पुन्हा तिसरा, आणि पुन्हा तो हात आपणहून येऊन बसे. बोलावं लागत नसे. लग्नाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती आणि भरल्या घरात, आईबाप, भाऊ, भावजया, पोरंबाळं यांच्या गराड्यात, दिवसाउजेडी एकमेकांच्या हाताला हात लागावा असं एकही निमित्त त्या वीस वर्षांत घडलं नव्हतं. आता खुशाल लागत होता, आणि मागच्या सीटवर त्याची आई गोजाबाई बसलेली. गोजाबाई सगळं बघायची. पण यंत्राचं काम म्हटल्यावर बोलणार काय? एकदाच म्हणाली, "आमच्या काळात गाड्या धड हुत्या बाबा." तिच्या काळात गाड्या नव्हत्याच.

भांडण झालेलं असलं की विजयमाला मुठीवर आधी पदर टाकी आणि मग हात ठेवी. दांडा धरणं तिने कधी सोडलं नाही, पण पदर मध्ये. मग जोतिराम बोटं वाजवी ती पदरावर. अक्कलकोट येईपर्यंत केव्हातरी पदर वाऱ्याने सरके, ती पुन्हा ओढून घेई. कुंभारीपर्यंत मात्र तो सरकला तरी तिचं लक्ष नसे. एवढ्या मोजक्या खुणांवर त्यांचा संसार चालला होता आणि बरा चालला होता. बोलून केलेल्या गोष्टींत त्यांची भांडणंच जास्त.

आणि दांडा धरू लागल्यावर आठवड्याभरात जोतिराम जीप घेऊन अक्कलकोट रोडवरच्या शंकरप्पाच्या गॅरेजमध्ये गेला होता. शंकरप्पाने गाडी एक चक्कर फिरवून आणली, म्हणाला, आतला गिअर धरणारा फोर्क झिजलाय, स्प्रिंग मेलीय, दोन दिवसांचं काम, पार्ट फळीवर आहे. जोतिरामने तो पार्ट हातात घेतला, दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला, चांगला होता. मग परत फळीवर ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "आमच्या घरी विचारलं तर सांग, पार्ट मिळत नाही म्हणून." शंकरप्पाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. फळीवर असलेला पार्ट मिळत नाही म्हणून सांगण्यात मेकॅनिकला नवीन काही नव्हतं. गिऱ्हाइकानेच तशी विनंती करणं नवीन होतं. एका बेअरिंगसाठी लाइन बंद करणारा फोरमन त्या दिवशी दोष माहीत असलेली पेटी घेऊन मुकाट घरी आला, आणि दर सहा महिन्यांनी विजयमालेने "पार्ट आला का ओ?" म्हणून विचारलं की गंभीर चेहऱ्याने म्हणत राहिला, "कंपनीनं बनवायचंच बंद केलंय." ती "व्हय का," म्हणायची आणि हात मुठीवर ठेवायची. तेव्हा त्याला मनातून गुन्हेगारासारखं वाटायचं. आणि गुन्हेगाराला वाटतं तसं छानही वाटायचं.

एकटा असला की तो सायकलच्या ट्यूबची पट्टी दांड्याला अडकवून डॅशबोर्डखालच्या हुकाला ताणून बांधी. विजयमाला चढायच्या आधी ती काढून ठेवी. चार वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात ती गेली. तेव्हापासून पट्टी गाडीतून काढून ठेवायचं कारण उरलं नाही. पट्टी इमानदार होती. एकदाही सुटली नाही. पण तिला बोटांनी खुणावता येत नसे, चौथा टाकताना प्रत्येक वेळी वाकून हुकातून काढावी लागे, आणि जोतिराम वाकून काढताना रोज एकदा तरी, हा दांडा आता गेला पाहिजे, गाडी गेली पाहिजे, असं म्हणे, आणि मग घरी येऊन गाडी पुसून ठेवी.

आता ती खरंच जाणार होती. पुढच्या महिन्यात तिचं पासिंग संपत होतं. शोरूमच्या दारात उभा राहून त्याला आपला बाप आठवला. सांगोल्याकडे बापाची मेंढरं होती. बाप लंगडं मेंढरू बाजारात न्यायचाच नाही. म्हणायचा, आधी पाय बरा करीन, मग इकीन, न्हायतर घरीच ठेवीन. जोतिराम अभिमन्यूला म्हणाला, "तुम्ही पोरांना शाळेतून घेऊन घरी जा. मी जीप घेऊन शंकरप्पाकडे जाऊन येतो. थर्ड करून घेतो. दोष असलेली गाडी द्यायची नाही आपण."

"आप्पा, एक्स्चेंजला जाणार ती! आता कशाला?"

"म्हणून तर."

"आणि पेटीचं? संध्याकाळपर्यंत सांगायचंय. फोरमन, निर्णय द्या की," अंकिता हसत म्हणाली. तिने आपला हात अभिमन्यूच्या खांद्यावर टेकला होता, काहीच कारण नसताना, भर शोरूममध्ये. जोतिरामने नजर वळवली. "फोन करतो," तो म्हणाला.

दुपार कलत होती. जीपमध्ये बसल्यावर, पट्टी हुकाला ताणल्यावर, त्याला बरं वाटलं. अक्कलकोट रोडला लागल्यावर उजवीकडच्या कारखान्यांतून यंत्रमागांची खडखड येत होती आणि तिच्यात त्याच्या इंजिनची खडखड मिसळून जात होती. त्याला वाटलं, पार्ट घातल्यावर शंकरप्पा जुना फोर्क देईल, तो घरी न्यावा काय? आणि घरी नेऊन ठेवायचा कुठे? देवघरात तर ठेवता येणार नाही. फोर्क झिजला तो तुरीच्या पोत्यांनी, पण त्याच्या त्या झिजण्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. नीट असता तर विजयमाला दुधनीपर्यंतचा सगळा रस्ता डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली असती आणि तो समोर बघत राहिला असता, आणि दोघंही कसे सुखरूप पोचले असते.

शंकरप्पा आता म्हातारा झाला होता, खुर्ची टाकून बसायचा, पण गाडीचा आवाज ऐकून उठला. "या फोरमनसाहेब. आज काय काढलंत?"

"थर्ड करायचाय," जोतिराम म्हणाला. "फोर्क, स्प्रिंग, काय असंल ते. गाडी जाणार एक्स्चेंजला. निसटता गिअर तसाच नको द्यायला."

"कुटला थर्ड?"

"कुटला म्हणजे? हाच. वीस वर्षं निसटतोय तो."

शंकरप्पाने खिडकीतून आत वाकून पट्टीकडे पाहिलं. मग जोतिरामकडे. मग हळूच हात घालून त्याने पट्टी हुकातून सोडवली आणि त्याला म्हणाला, "बसा तिकडं. मी चालवतो." बायकोच्या जागेवर जोतिराम पहिल्यांदाच बसला. शंकरप्पाने गाडी रस्त्यावर घेतली, पहिला, दुसरा, तिसरा. आवाजावरून अंदाजे चाळीस. मग एकदम पाय उचलला. इंजिन गुरगुरत खाली आलं, सबंध गाडी थरथरली, दांडाही थरथरला, आणि जागच्या जागी राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. दांडा खिळ्यासारखा. जोतिरामचा उजवा हात अर्ध्यावर उठला होता, तो तसाच हवेत.

"न्हाय निसटत," शंकरप्पा म्हणाला.

"असं कसं?"

"केलाय न्हवं म्या. लई वर्सं झाली." शंकरप्पाने गाडी कडेला घेतली. "तुमचं हर्नियाचं आपरेशन झालं हुतं बगा, पंधरा दिस घरात पडून हुता. तवा तुमच्या घरातल्या अक्का आल्त्या. शेजारचा डायवर घेऊन, गाडी घेऊन. म्हनल्या, डाक्टरनं सांगितलंय जोर लावायचा न्हाय, पेटी उतरवा. म्हनलं, अक्का, पार्ट मिळत न्हाय. तर ग्यारेजातल्या फळीकडं बोट केलं. म्हनल्या, पाच वर्सं मिळत न्हाय तो ह्योच का?"

जोतिरामने हवेतला हात खाली घेतला.

"घातला. एकदम नवा. म्हनलं साहेबास्नी सांगतो, तर 'अवरिगे हेळब्याड' म्हनल्या. त्यांना सांगू नको. मी इचारलं, का ओ अक्का? तर म्हनल्या, त्यांना वाटतंय मला काय कळत न्हाय. वाटू दे की." शंकरप्पा ओशाळल्यासारखा हसला. "पुढं तुमी दोगं यायचा तवा तुमच्यासमोरच इचारायच्या मला कन्नडमदी, गेर नीट बसतोय न्हवं म्हणून. तुमी म्हनायचा, काय म्हनती? मी सांगायचो, च्यात साखर कमी घाला म्हनत्यात. माझी तरी काय चूक? तुमचं गुपित मराठीत, त्यांचं कन्नडमदी. मी दोन्ही ठिवली."

पाच वर्षं त्याने फसवलं आणि दहा वर्षं तिने. मग चार वर्षं सायकलच्या ट्यूबने. जोतिरामला हिशेब लागत होता आणि त्याचं काय करायचं ते लागत नव्हतं. दहा वर्षं तो हात न निसटणाऱ्या दांड्यावर होता. दहा वर्षं त्याने बोटं वाजवली आणि तिने हात उचलला आणि पुन्हा आणून ठेवला. भांडणाच्या दिवशी पदर टाकून, पण ठेवला. तिला सांधेदुखी सुरू झाली तेव्हाही ठेवला. तेव्हा तोच म्हणाला होता, दुखत असंल तर राहू दे, मी धरतो, आणि ती म्हणाली होती, "निसटला म्हणजे?" किती गंभीरपणे म्हणाली होती. तो किती गंभीरपणे 'हां, तेही खरंच' म्हणाला होता. सगळ्या आयुष्यात दोघांनी मिळून केलेली ही एकच लबाडी, आणि तीही एकमेकांना न सांगता. एकदा तरी हसायला हवं होतं दोघांनी, गाडी कडेला घेऊन, पोट धरून. तेवढं राहिलं.

गॅरेजच्या दारात परत आले तोच फोन वाजला. अभिमन्यू होता. "आप्पा, रेश्माचा दोनदा फोन येऊन गेला. पांढरी सोडून करडी सांगू ना? हातगिअर? तुम्ही म्हणाला होता ना, मध्ये दांडा पाहिजे म्हणून."

"पांढरी घ्या," जोतिराम म्हणाला.

"ऑटोमॅटिक? अहो, पण तुमचं ते विश्वासार्हतेचं—"

"तेलात चालतंय ते. तेल वेळेवर बदला. अंकिता बरोबर सांगत होती. आणि चालवताना डावा हात मोकळा राहतोय."

"मोकळा ठेवून काय करू?"

"ते आता मी सांगायचं का रे तुला?"

पलीकडे अंकिताचं हसणं ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता तर. "आणि जीपचं काय झालं, आप्पा? किती दिवस लागतील म्हणाला?"

"काही लागत नाहीत," जोतिराम म्हणाला. "आधीच नीट आहे. सोमवारी येऊ दे त्या माणसाला."

शंकरप्पाने विचारलं, जुना फोर्क डब्यात असेल कुठेतरी, शोधू का? जोतिराम नको म्हणाला. चहा मात्र घेतला, साखर कमी घालून. मग पट्टी शंकरप्पाच्या खुर्चीच्या हाताला गुंडाळून तो एकटाच गाडीत बसला. सोलापूरकडे वळायचं होतं. गाडी उलट, वळसंग-दुधनीच्या बाजूला वळली. पहिला टाकला, दुसरा टाकला, दांडा पुढे ढकलून तिसरा टाकला आणि डावा हात काढून मांडीवर ठेवला. रस्ता मोकळा होता. अंदाजाने चाळीस. दांडा हलला नाही. जोतिराम पाय सोडून बघत होता, दाबून बघत होता, एखाद्या वेळी तरी खट्कन व्हावं म्हणून. पण शंकरप्पाने काम चोख केलं होतं. कुंभारी मागे पडली. पन्नास. इंजिन वरच्या पट्टीत कण्हू लागलं. चौथ्याची वेळ केव्हाच होऊन गेली होती, हे सांगायला फोरमन लागत नव्हता. मागे ट्रक, टमटम, दुचाक्या यांची रांग लागली, आणि शेवटी एक दुचाकीवाला बाजूने पुढे येत, खिडकीत डोकावत ओरडला, "ओ काका, चौथा टाका की! गाडी मरंल!"

"टाकतो," जोतिराम म्हणाला. त्याने डावा हात उचलला, दोन बोटं पुढे केली, मुठीच्या वर आणून धरली. आणि वाजवली नाहीत. वाजवली असती तर तिने हात उचलला असता.